कार्डावर नसलेली बेअरिंगं

॥ श्री ॥
कर्वेनगर, पुणे
मंगळवार, १२ जून २००१

प्रिय अक्का,

मैनाचा नमस्कार. तुझं लोणच्याच्या मसाल्याचं पत्र कधीच पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण आठ दिवस पेन हातात घेतलं की काय लिहू तेच सुचत नव्हतं. आज ठरवलं, निदान तुला तरी सगळं सांगायचं. देवापुढे रोज बोलतेच, पण देव उलटून काही विचारत नाही. तू विचारशील.

ह्यांच्या कंपनीने स्टोअरमध्ये कॉम्प्युटर आणायचं ठरवलंय. एक ऑक्टोबरपासून कार्डं बंद. तुला माहीत आहे, भोसरीच्या त्या पंपांच्या कारखान्यात हे बावीस वर्षं स्टोअरकीपर आहेत. प्रत्येक खणाला एक कार्ड अडकवलेलं. माल आला की लिहायचं, गेला की लिहायचं, शिल्लक मांडायची. दर मार्चला फाटायला आलेली कार्डं हे घरी आणतात आणि मी ती नव्या कार्डांवर उतरवून देते, कारण ह्यांचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत पडून कागदावरून चालत गेलेली. सगळ्या खणांची नावं आणि नंबर मला स्तोत्रासारखे पाठ झालेत. तर ती कार्डं आता नकोत म्हणे.

पण भीती त्याची नाही. सगळ्या स्टोअरवाल्यांनी कॉम्प्युटरवर एक कोर्स करायचा आहे. शिक्षक नाही, वर्ग नाही. इंटरनेटवर धडा उघडतो, आपला आपण वाचायचा. शेवटी तो पडदाच प्रश्न विचारतो आणि पडदाच गुण देतो. असे सहा अध्याय. शंभरात साठ हवेत. एकतीस ऑगस्टपर्यंत जो पास होणार नाही त्याने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरायचा. नाव तरी बघ, स्वेच्छा! आमच्या खालच्या मजल्यावरचे सीतारामभाऊजी ह्यांच्याच खात्यात. त्यांनी कोर्स उघडून न बघताच सही करून टाकली. आता सकाळी कंपनीची बस येते तेव्हा ते गॅलरीत उभे असतात, हात मागे बांधून, बस वळेपर्यंत. मी तिकडे बघायचं टाळते.

हे ट्रेनिंगच्या खोलीत दोनदा जाऊन आले. तिथे राजनंदिनी म्हणून मॅडम आहेत, आपल्या श्रद्धाहून फार तर पाच वर्षांनी मोठ्या. स्वभावाने वाईट नाहीत, पण बोलून गेल्या, "काका, माऊस आहे तो, विंचू नाही." सगळे हसले. ह्यांच्या हाताला इतका घाम सुटला की माऊस घसरून टेबलाखाली लोंबकळायला लागला. घरी येऊन सांगताना स्वतःही हसले, आणि मग अर्ध्या ताटावरून उठले. पासवर्डची चिठ्ठी देव्हाऱ्यात अन्नपूर्णेखाली ठेवलीय. तेव्हापासून तिला हात लावलेला नाही.

सत्तेचाळीस वय, अक्का. श्रद्धाचं कॉलेज अजून दोन वर्षं. ह्या वयात ह्यांना दुसरीकडे कोण उभं करील? आपल्या मारुतीला माझ्यातर्फे तेल घाल. कशासाठी ते मोठ्याने सांगू नकोस.

तुझी
मैना


सेलू
२१ जून

मैने,

पत्र वाचलं. चष्मा पुसून परत एकदा वाचलं. मारुतीला तेल घातलं. पुजाऱ्यानं विचारलं कुणासाठी, म्हटलं माझ्या गुडघ्यासाठी.

तुला एक विचारू? नागोरावांना त्यात एवढं काय अवघड आहे? बावीस वर्षं ज्या माणसानं खिळा न खिळा मोजला, त्याला मोजणंच तर करायचंय. इथं पोस्टात कॉम्प्युटर आलाय. आपला म्हातारा पोस्टमास्तर एका बोटानं टकटक करायलाय. रांग दारापर्यंत जाते, लोक शिव्या देतात, पण करायलाय. तुझ्या नवऱ्याला येत नाही असं नाही बाई, त्याला हसलेलं सोसत नाही. लग्नात कानपिळीला आपल्या दादानं कान जरा जोरात पिळला तर तासभर तोंड फिरवून बसला होता. विसरलीस?

आणि तू भिऊ नकोस. बाई भिली की घर भितं. पोरगी कॉम्प्युटरचंच शिकते ना? तिला म्हणावं, बापाला समोर बसवून शिकव. लेकीपुढं कसली लाज?

चिठ्ठी देवाखाली ठेवली म्हणून देव जाऊन परीक्षा देत नसतो. हे त्यांना सांग. माझं नाव सांगू नकोस.

चंद्रभागा


कर्वेनगर, पुणे
रविवार, १५ जुलै

प्रिय अक्का,

लेकीपुढे लाज नसावी हे खरं. पण श्रद्धाने विषय काढला तर हे म्हणाले, "तू आधी तुझं बघ." एवढंच. ती पुस्तकं घेऊन आत गेली.

म्हणून मी एक केलं. तू रागावशील. अन्नपूर्णेखालची चिठ्ठी काढली, उतरवून घेतली आणि होती तशी परत ठेवली. आमच्या कोपऱ्यावर इंटरनेटचं दुकान निघालंय, तासावर पैसे घेतात. श्रद्धा तिथे ह्यांच्या नावाने धडे सोडवते. मी नुसती शेजारी बसते. धडे इंग्रजीत, पण शब्द सगळे कार्डावरचेच. तिला कॉम्प्युटर येतो आणि स्टोअरमधलं काही येत नाही. वायसर म्हणजे काय हे तिने मला विचारलं! मग मी सांगते, ती दाबते. पहिल्या अध्यायात बेचाळीस, नापास. दुसऱ्या खेपेला एकाहत्तर. आता तीन अध्याय झाले.

दुकान रणजितचं. तो इथला मूळचा. आमची सोसायटी त्याच्या आजोबांच्या शेतात उभी आहे आणि हे तो कोणाला विसरू देत नाही. परवा मागून वाकून बघत म्हणाला, "काकू, हे नागोराव कोन हायेत?"

"माझे मिस्टर."

"मंग ते सोता का येत न्हाईत?"

"त्यांना वेळ नसतो."

"आन तुमाला हाय व्हय?" असं म्हणून हसत गेला. आता मी कोपऱ्यातलं मशीन मागते, भिंतीकडे तोंड असलेलं.

घरी सांगते, चातुर्मासाच्या पोथीला जाते. पोथीचं नाव घेऊन खोटं, अक्का! दुकानात शिरताना सवयीने चप्पल काढते, तर रणजित ओरडतो, "काकू, देऊळ न्हाई हे." वर बसलेला ते दोन्ही ऐकत असेल. जाताना सांगितलेलंही आणि हेही.

एक गोष्ट मला दिवसभर टोचत राहते. हे अधूनमधून ट्रेनिंगच्या खोलीत जाऊन बसतात. तिथे ह्यांचं नाव घातलं की दिसतच असणार, अध्याय तीन पूर्ण. पण घरी येऊन काही बोलत नाहीत. बहुधा त्या पडद्याकडे नीट बघतच नसतील. मीही विचारायला जात नाही. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते.

पत्र लिहिलंस तर चालेल. टपाल दुपारी येतं, तेव्हा हे घरी नसतात.

तुझी
मैना


सेलू
२३ जुलै, श्रावणातला पहिला सोमवार

मैने,

खोटं बोलायचं तर नीट बोलावं, नाहीतर बोलू नये.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. शनिवारी श्रद्धाचं आलं. लेकरू लिहितंय, "मावशी, माझं कॉलेज सकाळी सातला सुरू होतं आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत पाच वाजतात. पहिल्या अध्यायाला तेवढी मी आईसोबत होते. आता ती एकटीच जाते. माझी शाळेतली डिक्शनरी पिशवीत घालून नेते, वर कोथिंबीर ठेवते. तू तिला काहीतरी सांग."

म्हणजे शेजारी बसणारी तू नाहीसच. खुर्चीत बसणारी तू. मॅट्रिक होऊन तुला जन्म लोटला आणि तू नवऱ्याच्या नावावर परीक्षा द्यायलीस!

मी रागावले नाही. मला भ्या वाटायलंय. तू पास होशील, चांगली होशील. शाळेतही तूच पहिली यायचीस. मला चौथीतून काढून चुलीपुढं बसवलं तेव्हा तुझ्याच फीचं कारण सांगितलं होतं आबांनी. पण एक तारखेला त्या मशीनपुढं कोण बसणार आहे? तू? डबा घेऊन तू चढणार त्या बसमध्ये? आपल्या शाळेत एक मास्तर दुसऱ्याच्या सर्टिफिकेटावर लागला होता, आठवतं? निभलं त्याचं बारा वर्षं. बारा वर्षं त्यानं गावात कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

नवऱ्याला सांग. सोमवारी सांग, पण उपास सोडल्यावर सांग. उपाशी माणसाला असलं सांगू नये.

चंद्रभागा


कर्वेनगर, पुणे
शुक्रवार, २४ ऑगस्ट

अक्का,

तू म्हणालीस तेव्हाच सांगायला हवं होतं. श्रावणातले सगळे सोमवार गेले. दर सोमवारी भाताचा पहिला घास ह्यांच्या तोंडात जाईपर्यंत मी तयार असायची, आणि मग ताक वाढायला उठायची.

होय, मीच. श्रद्धाचं नाव पुढे केलं, कारण मुलीने बापासाठी केलं तर लोक माया म्हणतील. बायकोने केलं तर काय म्हणतील ते मला माहीत नाही. आणखी एक, तेही तुलाच सांगते. मला ते आवडायला लागलं होतं. चौथ्या अध्यायात अठ्ठ्याऐंशी पडले तेव्हा मी तिथेच हात जोडले, आणि ह्यांच्या नोकरीसाठी जोडले की त्या अठ्ठ्याऐंशीसाठी, ते माझं मलाच सांगता येईना. लग्नानंतर मला कोणी कशाला गुणच दिले नव्हते गं.

त्याचंच फळ असेल हे. ऐक.

सहावा अध्याय शेवटचा. त्यात प्रश्न नाहीत. आपल्या स्टोअरमधला कोणताही एक खण घ्यायचा आणि त्यात आज प्रत्यक्ष किती माल आहे तो भरायचा. मी सात नंबरचा घेतला, बेअरिंगचा. गेल्याच आठवड्यात ते कार्ड तेल सांडून खराब झालं म्हणून मी नवीन करून दिलं होतं. शिल्लक एकशे बारा. पण मला खरा आकडा माहीत होता. फिटर लोक कामापेक्षा चार नग जास्त नेतात आणि उरलेले चिठ्ठीशिवाय परत आणून देतात. ते हे कार्डावर चढवत नाहीत, वरच्या फळीवर डालडाच्या डब्यात टाकतात. कधी माल संपला आणि काम अडलं की त्या डब्यातून काढून देतात. आपण अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी डाळीची वाटी वेगळी ठेवतो ना, तसंच. सगळ्या जुन्या स्टोअरवाल्यांचे असे डबे असतात. आणि हे घरी आले की सहज सांगतात, "आज अडतीस झाली."

पडद्यावर लिहिलं होतं, प्रत्यक्ष शिल्लक भरा. मी भरली. एकशे पन्नास. कमी भरायला बोट वळेना. नाव खोटं, माणूस खोटा, निदान आकडा तरी खरा असू दे असं वाटलं मला.

चौऱ्याण्णव गुण पडले. ह्यांचं नाव कंपनीच्या फळ्यावर लागलं. गणपती बसले त्या दिवशी हे घरी आले, आरास बघितली, तीर्थ घेतलं, बाकी एक अक्षर नाही. आणि काल हातात पत्र पडलं. मुख्य ऑफिसने कार्डावरचा आणि मी भरलेला आकडा जुळवून बघितला. ही अडतीस बेअरिंगं कोणाची, कुठून आली आणि कुठे जाणार होती, याचा सोमवारी सकाळी दहाला समक्ष खुलासा करावा.

कुठे जाणार होती! म्हणजे चोर म्हणायचं फक्त बाकी ठेवलंय. आमच्या देव्हाऱ्याच्या दाराचा स्क्रू पडून सहा महिने झाले, दार दोऱ्याने बांधलंय. स्क्रूच्या ढिगात दिवस काढणाऱ्या माणसाने एक स्क्रू घरी आणला नाही.

हे ते पत्र घेऊन झोपाळ्यावर बसलेत. "मी असं कुठे भरलं?" असंसुद्धा म्हणत नाहीत. का म्हणत नाहीत? त्यांनी ओरडायला हवं ना? मी इथे कट्ट्याशी उभी राहून लिहितेय आणि त्यांच्या पाठीकडे बघतेय. तुझं उत्तर सोमवारच्या आत येणार नाही हे कळतं मला. तरी लिहिलं.

मैना


सेलू
२९ ऑगस्ट

मैने,

तुझं पत्र आज बुधवारी मिळालं. सोमवार होऊन गेला. आता मी काय सांगू?

एसटीडीवर गेले होते. तुमच्या सोसायटीचा म्हणून तू कधी तरी दिलेला नंबर लावला. कोणी बाई म्हणाली, "राँग नंबर." मी म्हटलं, नागोराव हायेत का तेवढं सांगा. तर म्हणते, "आहेत का, असं म्हणावं." आणि फोन ठेवला. धन्य तुमचं पुणं.

दोन ओळी टाक. नुसतं बरं आहे एवढं लिहिलंस तरी चालेल. खोटं असलं तरी चालेल.

अक्का


कर्वेनगर, पुणे
रविवार, २ सप्टेंबर

प्रिय अक्का,

बरे आहोत. खोटं नाही.

गेल्या रविवारी दुपारी जेवणं झाली, श्रद्धा मैत्रिणीकडे गेली होती. ताटं तशीच ठेवून मी बोलले. "अहो, तो आकडा मी भरला."

हे सुपारी कातरत होते. हात थांबला नाही. म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळंच. दुसऱ्या अध्यायापासून. पडदा उघडला की दिलेली उत्तरं दिसतात मैना. आकड्यापुढे दोन आडव्या रेघा कोण मारतं? कोणी मागाहून शून्य जोडू नये म्हणून? कॉम्प्युटरमध्ये घुसून कोण जोडणार होतं शून्य?"

मला हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. "मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

कातरलेली सुपारी त्यांनी डब्यात भरली. मग म्हणाले, "बोललो असतो तर तू थांबली असतीस. आणि तू थांबावंस असं मला वाटत नव्हतं. मी तुझ्या पदराआड लपलो होतो, दुसरं काय?"

सोमवारी आम्ही दोघं गेलो. मी पहिल्यांदाच त्या फाटकाच्या आत गेले. सर्जेराव साहेब म्हणून आहेत, माणसं ठेवणं आणि काढणं त्यांच्याकडे. ह्यांनी खुर्ची घेतली नाही. उभ्यानेच म्हणाले, "बेअरिंगांची जबाबदारी माझी. डबा वरच्या फळीवर आहे, मोजून घ्या. परीक्षा मात्र हिने दिली."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे दोन महिने कंपनी तुमच्या मिसेसना ट्रेनिंग देत होती. उत्तम. धुणीभांडीवाल्या बाई राहिल्या असतील तर त्यांचंही नाव द्या."

राजनंदिनी मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, चौऱ्याण्णव आहेत. सगळ्यांत जास्त."

"हो ना. म्हणून तर रद्द करताना वाईट वाटतंय."

डबा आणला. टेबलावर ओतला, मोजला. अक्का, ती पाच मिनिटं मी कुठलंच स्तोत्र पूर्ण म्हणू शकले नाही. अडतीस भरली. एकही कमी नाही, म्हणून चोरीचं बालंट गेलं. पण साहेब म्हणाले, असे किती डबे असतील ते सगळे जमा करायचे. आणि परीक्षेचं म्हणाल तर दोन वाटा. आज सही करून मानाने बाहेर पडा, पैसे आणि चांगलं सर्टिफिकेट मिळेल. नाहीतर सतरा सप्टेंबरला मॅडमच्या समोर बसून स्वतः परीक्षा द्या. नापास झालात तर फसवणुकीचा शेरा मारून काढीन, मग कुठे गेटवर वॉचमन म्हणूनही कोणी घेणार नाही. "बाहेर बाक आहे. दहा मिनिटं विचार करा."

बाकावर मी म्हटलं, "सही करा. शेरा नको. मी पोळ्या लाटून देईन लोकांच्या, पण शेरा नको."

हे म्हणाले, "आणि मी काय करू? सीतारामशेजारी गॅलरीत उभा राहू?" मग माझ्याकडे न बघता, समोरच्या फायर बकेटकडे बघत म्हणाले, "शिकवशील मला?"

तर आता असं चाललंय. घरी कुठला कॉम्प्युटर? जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी पडदा काढलाय, सगळे चौकोन जिथल्या तिथे. साबणाच्या डबीला सुतळी बांधली, तो माऊस. हे डबी सरकवतात, मी म्हणते, "तिथे नाही, वर," आणि श्रद्धा तोंडाने टिक करून आवाज काढते. शनिवारी, रविवारी दुकानात जाऊन खऱ्यावर. रणजित म्हणाला, "आज खरं नागोराव आलं व्हय!" आणि मला म्हणाला, "काकू, तुमी भाईर बसा. पास त्यांनला व्हायचंय." बाहेर पायरीवर बसून मी काचेतून बघत होते. हात अजून घामेजतो. खिशात रुमालाऐवजी फडकं नेतात.

पंधरा दिवस. फक्त पंधरा दिवस आहेत अक्का.

तुझी
मैना


कर्वेनगर, पुणे
मंगळवार, १८ सप्टेंबर

प्रिय अक्का,

पास! त्र्याहत्तर!

स्वतः, एकट्याने, मॅडम समोर बसलेल्या असताना. काल बस थांबल्याचा आवाज आला आणि मी दार उघडायलाच गेले नाही, देव्हाऱ्यापुढे बसून राहिले. श्रद्धाने उघडलं. हे आत येऊन म्हणाले, "मास्तरीणबाई, पेढे आहेत का घरात?" सर्जेराव साहेबांनीसुद्धा हात मिळवला म्हणे. म्हणाले, "चौऱ्याण्णवपेक्षा हे त्र्याहत्तर आम्हाला जास्त उपयोगाचे. निदान कामावर तरी येतील."

मी विचारलं, पेपर कसा होता. म्हणाले, तू सांगितलंस तेच सगळं होतं, एका प्रश्नाला जरा वेळ लागला. कोणत्या, ते सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. आता कशाला?

भीती गेली अक्का. काल रात्री आडवी झाले ती थेट दूधवाल्याच्या घंटेला उठले. आजपासून अधिक महिना. ह्यांची नोकरी आता टिकली तशी पुढेही टिकू दे म्हणून मी महिनाभर एकभुक्त राहणार आहे. आपल्या घरच्या जावयाला, म्हणजे ह्यांना, तेहेतीस अनारसे पाठवणार असशील तर कडक कर, मागच्या खेपेचे वाटेतच भुगा झाले.

दुकानात जाणं बंद केलं. रणजितने रस्त्यात विचारलं, "काकू, आता येत न्हाई?" म्हटलं, काम झालं. भाजी आणायला निघते तेव्हा पाय उगीचच त्या बाजूने वळतात. वळू देत. सवय जाईल.

तुझी
मैना


भोसरी
शुक्रवार, १२ ऑक्टोबर

तीर्थरूप अक्कांस,

नागोरावाचा नमस्कार.

आजवर मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही. दोघांच्या वतीने मैनाच लिहीत आली. हे मी कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे. तिला ठाऊक नाही. अक्षर लागलं नाही तर माफ करा, आणि वाचून झाल्यावर फाडून टाका.

तिने तुम्हाला कळवलं असेल की आता सगळं ठीक आहे. ते तसंच राहू द्या. तिला झोप लागायला लागली आहे.

परीक्षेत एक प्रश्न होता. नोंद नसलेला माल आपल्या ताब्यात आढळल्यास काय कराल? चार उत्तरं दिलेली. त्यातलं बरोबर कोणतं ते मैनाने घोटून घेतलं होतं: ताबडतोब जमा करावा. मी इतका वेळ थांबलो की मॅडमनी विचारलं, "काका, मशीन अडकलं का?" मग दाबलं. गुण मिळाला. आणि दाबलं त्याप्रमाणे केलंही. सगळे मिळून सात डबे निघाले माझे. बेअरिंग, सील, गॅस्केट, वायसर. मीच हमालाबरोबर मुख्य ऑफिसात नेऊन दिले आणि पावती घेतली.

परवा बुधवारी एका सीलसाठी काम थांबलं. माझ्या तळहातात मावेल एवढी वस्तू. चाळीस माणसं हात पुसत उभी. तनुजा म्हणून नवीन इंजिनियर मुलगी आहे, ती धावत आली. "काका, एखादं असेल ना तुमच्याकडे?"

आजवर सगळे असेच येत आले माझ्याकडे. अगदी मोठे साहेबसुद्धा. मी मुद्दाम तोंड वाकडं करायचो, "बघतो, सांगता येत नाही" म्हणायचो, दोन मिनिटं त्यांना उभं करायचो आणि मग डब्यातून काढून द्यायचो. अक्का, त्या दोन मिनिटांचा मला पगारापेक्षा जास्त आधार होता, हे मला बुधवारी कळलं.

मी कॉम्प्युटर उघडला. माऊस घसरला नाही, ते आता चांगलं जमतं. सील, शून्य. मागणी नोंदवली आहे, शुक्रवारी येईल. पडदा तिच्याकडे वळवून दाखवला.

ती म्हणाली, "ते मला माझ्या टेबलावरच दिसलं हो. म्हणून तर खाली आले. तुमच्याकडे नाहीये का?"

म्हटलं, "नाही."

ती तशीच वर गेली. तिची काही चूक नाही. गुणी मुलगी आहे. पण तेव्हापासून एकच प्रश्न माझ्या मनातून जात नाही. जे तिला तिच्या टेबलावर दिसतं, साहेबांना त्यांच्या टेबलावर दिसतं, मुख्य ऑफिसात बसलेल्यांनाही दिसतं, ते सांगण्यासाठी इथे खाली एक माणूस हे लोक किती दिवस ठेवतील? सहा अध्यायांत हा प्रश्न कुठे नव्हता. मैनाला विचारला तर ती डिक्शनरी काढून बसेल, रात्रंदिवस शोधेल, आणि मग तिलाही उत्तर सापडलं नाही हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळेल.

भोंगा झाला. घरी गेलो की ती दारातच विचारते, "कसं चाललंय?" मी सांगतो, छान.

आपला
नागोराव